काळा रंग, एक पाकीट

समोरच्या बाईंच्या यादीतला केसांचा रंग मी तीन वेळा काटला. पहिल्यांदा नुसती रेघ मारली. दुसऱ्यांदा रेघ मारून शेजारी 'चैन' असं लिहिलं. तिसऱ्यांदा 'चैन'च्या खाली दोन रेघा ओढल्या. लाल पेन माझं स्वतःचं होतं, नोकरीतलं उरलेलं.

नोकरी वजनमापं तपासण्याची. पस्तीस वर्षं मी दुकानांचे काटे तपासले. कुणाचं किलोचं वजन पन्नास ग्रॅमने हलकं, कुणी पारड्याच्या पोटाला चुंबक चिकटवलेला, कुणाचं तेलाचं माप ठोकून पोचा पाडलेलं. अजूनही कुठलीही पिशवी हातात घेतली की मी वजन सांगतो, पन्नास ग्रॅम इकडे किंवा तिकडे. बायको म्हणायची, जन्मभर मापात पाप करणारेच भेटले तुम्हाला, म्हणून आता घरी पाहुणा आला तरी तुम्ही त्याच्या पारड्याखाली वाकून बघता. इमारतीत मला तोंडावर साहेब म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे, आणि ते फारसं चुकीचं नाही.

लॉकडाऊन लागला तेव्हा बायकोला जाऊन पाच महिने झाले होते. तिच्या जाण्याचा साथीशी काही संबंध नव्हता. ती हृदयाच्या दुखण्याने गेली, दवाखान्यात, भर दुपारी, मी खाली औषध आणायला गेलो होतो तेव्हा. आम्हाला मूलबाळ नाही. माणसं आली, बसली, गेली. मी कप विसळले. मला रडू येईल असं सगळ्यांना वाटत होतं, मलाही वाटत होतं. ते आलं नाही. दात काढायच्या आधी हिरडी बधिर करतात ना, तसा मी सगळाच झालो होतो. काहीतरी लागलं हे कळायचं, दुखायचं नाही.

तर लॉकडाऊनमध्ये प्रत्येक इमारतीतून एकाच माणसाला आठवड्यातून दोनदा दुकानात जायची परवानगी मिळाली. आमच्या अध्यक्षबाई शाळेत गणित शिकवतात. त्यांनी जिन्यात उभं राहून विचारलं, कोण जाईल? सगळे मूग गिळून बसले. मी हात वर केला. मी सदुसष्ट वर्षांचा आहे आणि म्हाताऱ्यांनी घराबाहेर पडू नये असं रेडिओ दिवसभर सांगत होता, पण दुसरं कुणीच तयार नसल्याने माझं वय कुणाच्या लक्षात आलं नाही. तळमजल्यावरचा शिंपी एवढंच म्हणाला की साहेब, या वयात लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजताय. मला भाकऱ्यांची हौस नव्हती. घरात बसून पंख्याकडे बघण्यापेक्षा बरं, इतकंच.

पद्धत अशी ठरली. जिन्याच्या कठड्याला तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत दोरी बांधली. प्रत्येक घराने आपली यादी आपल्या दारासमोर, कपडे वाळत घालायच्या चिमट्याने दोरीला लावायची. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी वरून खाली उतरत याद्या गोळा करायचो. सामान आणायला इमारतीची हातगाडी होती, लहानशी, एका चाकाने लंगडी. माझं सोडून सोळा घरांचं सामान तिच्यात मावत नव्हतं, म्हणून अध्यक्षबाई म्हणाल्या की फक्त गरजेचं आणायचं, आणि गरजेचं काय ते साहेब ठरवतील. एवढं बोलून त्या मोकळ्या झाल्या. मी लाल पेन काढलं.

एखाद्याचं घर बघायचं असेल तर त्याची यादी वाचावी. चौथ्या मजल्यावरच्या विमा एजंटाच्या घरी माणसं दोन आणि साबण बारा. मी दोन ठेवले. जन्मभर आंघोळ न केल्यासारखं काय मागतो म्हणून. नवीन लग्न झालेल्या जोडप्याची यादी दर वेळी भांडून लिहिल्यासारखी असायची, एकाच्या अक्षरात चॉकलेट, दुसऱ्याच्या अक्षरात ते खोडलेलं, पुन्हा पहिल्याच्या अक्षरात चॉकलेट, मोठं. त्यांचा वाद मी मिटवला. शिंप्याच्या सिगारेटी पाच पाकिटांवरून एकावर आणल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाईंना अचानक घरी पाव भाजायची लहर आली होती, त्यांचं यीस्ट काटलं. लोक कुरकुरले, पण समोर येऊन कुणी बोललं नाही, कारण बोलणाऱ्याला मी गाडीची मूठ हातात दिली असती. खरं सांगायचं तर आठवड्यातल्या त्या दोन सकाळी मला जरा जिवंत असल्यासारखं वाटायचं. दुसऱ्यांच्या घरांचा राग येत होता, आणि राग का होईना, काहीतरी येत होतं.

माझी स्वतःची यादी मात्र मी दोरीला लावत नव्हतो.

आमच्या घरची महिन्याची यादी बायकोने एकदाच केली होती. ती या बाबतीत पक्की होती. सत्तावीस वस्तू, तिच्या गोल अक्षरात, वजनासकट. दर महिन्याला तेच लिहायचा कंटाळा येतो म्हणाली, म्हणून निवृत्त व्हायच्या आदल्या आठवड्यात मी ऑफिसातल्या यंत्रावर त्या यादीच्या शंभर प्रती काढल्या. आयुष्यात सरकारी कागदाचा केलेला तेवढाच गैरवापर. ती गेल्यावरही महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी खणातली वरची प्रत काढायचो, दुकानदाराला द्यायचो, तो सामान भरायचा, मी घरी आणून जागच्या जागी ठेवायचो. तिची बिनसाखरेची बिस्किटं डब्यात. तिचं गुडघ्याला लावायचं तेल खिडकीत. तिची पावडर, तिच्या खोकल्याच्या गोळ्या. आणि तेवीस नंबरला: केसांचा रंग, काळा, एक पाकीट. तो बेसिनवरच्या कपाटात. मला टक्कल आहे. गेली वीस वर्षं मला कंगवासुद्धा लागलेला नाही.

हे सगळं मला दिसत नव्हतं असं नाही. हात करत होते आणि मी त्यांना करू देत होतो.

समोरच्या बाई म्हणजे माझ्याच मजल्यावरच्या, दारासमोर दार. एका कॉलेजात ग्रंथपाल आहेत, वय बावन्न-त्रेपन्न, लग्न केलं नाही. घरात त्या आणि त्यांची आई. आजींचं वय चौऱ्यांशी, आणि चार वर्षांपासून त्यांची आठवण एकेक खोली बंद करत चाललेली. त्या लेकीला चिमणी म्हणायच्या. आमच्या स्वयंपाकघराची आणि त्यांच्या खोलीची भिंत एकच आहे. सकाळी अकराला आणि संध्याकाळी सातला "चिमणे, भरव गं" ऐकू यायचं, इतकं वेळेवर की बायको त्यावर घड्याळ लावायची.

बाईंच्या यादीत आठ-नऊ वस्तू असायच्या, सुबक अक्षरात, पुस्तकांच्या कपाटावर लावतात तशा. तांदूळ, दूध पावडर, रवा, आजींचे लंगोट. आणि तिसऱ्या आठवड्यापासून शेवटी केसांचा रंग. मी काटला. अध्यक्षबाईंशी बोलताना हसून म्हणालोसुद्धा, जग मरतंय आणि यांना नटायचंय, घरात आहे कोण बघायला? अध्यक्षबाई हसल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा रंग. पुन्हा काट. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच.

त्या तिसऱ्या काटेनंतरच्या बुधवारी सकाळी मी केराचा डबा बाहेर ठेवत होतो, तेव्हा समोरचं दार उघडलं. बाई उंबऱ्यातच थांबल्या, मी माझ्या उंबऱ्यात. मधे सात फूट, नियमात बसणारं अंतर. त्यांनी मास्क लावला होता आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं पांढरा पट्टा होता, खाली लांब काळी वेणी. दोन वेगळ्या बायकांचं डोकं जोडल्यासारखं दिसत होतं.

"साहेब, मला नटायचं नाहीये," त्या म्हणाल्या. म्हणजे माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. "आईला मी ओळखू येईनाशी झालेय."

मग त्यांनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता, पुस्तक कुठल्या फळीवर आहे ते सांगावं तसं. आजींच्या डोक्यात त्यांची लेक तीस वर्षांची आहे, काळ्या लांब वेणीची. बाकी सगळी माणसं पुसली गेली, ती एक राहिली. म्हणून बाई दर तीन आठवड्यांनी न चुकता रंग लावायच्या. आमच्या घरी तो औषधात धरतात, असं म्हणाल्या. आता भांग पांढरा झाल्यापासून आजी त्यांच्या डोक्याला हात लावून विचारतात, तुम्ही कोण? परक्या बाईच्या हातून आजी खात नाहीत. रविवारपासून घास घेतलेला नाही, जेमतेम दूध, तेही पडदे लावून अंधार केला की. डोक्याला रुमाल बांधून बघितला, आजींनी तो ओढून काढला. मग बुटाचं पॉलिश लावून बघितलं, तर त्या वासाने आजींना उलटी झाली.

"एक पाकीट आणा," बाई म्हणाल्या. "माझं बाकीचं सगळं काटा हवं तर."

माझ्या बेसिनवरच्या कपाटात त्या वेळी सात पाकिटं होती. तोच रंग, तीच कंपनी. एकेकाळी बायको आणि त्या, दोघी मिळूनच आणायच्या. माझ्यापासून दहा पावलांवर.

"मिळत नाही हल्ली," मी म्हणालो. "कारखाने बंद आहेत."

त्या खोट्याची मी तयारी केली नव्हती. ते तोंडातून आपोआप आलं. बाईंनी मान हलवली, बरं म्हणाल्या आणि दार लावलं. मी आत जाऊन कपाट उघडलं. सात पाकिटं एकावर एक, वरच्या पाकिटावरची बाई हसत होती. मी कपाट लावलं. आज विचार केला की कारण कळतं. एक पाकीट दिलं असतं तर या घरात ते कुणाला लागत नाही असं मला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं असतं. पण त्या दिवशी एवढाही विचार नव्हता. त्या दिवशी फक्त एवढंच होतं की ते तिचं आहे.

त्यानंतर भिंतीतून येणारं बदललं. अकरा वाजले की आजी हाका मारायच्या, "चिमणे, ही बाई मला भरवतेय बघ. तू कुठे आहेस?" मग बाईंचा आवाज, "अगं मीच चिमणी." आणि आजी, "तू नाहीस." कधी चमचा पडल्याचा आवाज. सातला पुन्हा तेच. मी रेडिओ लावायचो. रेडिओत आकडे सांगत असायचे, कालपेक्षा किती जास्त. आकडे ऐकायला सोपे होते.

शुक्रवारी बाईंच्या यादीत रंग नव्हता. सुंठीवाचून खोकला गेला, असं माझ्या मनात आलं. हो, हेच शब्द आले. लपवून काय करू?

तो महिन्याचा पहिला शुक्रवार होता, म्हणून सोळा याद्यांच्या वर माझी प्रत होती. दुकानदार आणि मी जुने ओळखीचे. बारा वर्षांपूर्वी मी त्याच्या काट्याला सील ठोकलं होतं. वीस ग्रॅमचा फरक होता, वजन झिजून झालेला, आणि तो हात जोडून सांगत होता की मुद्दाम नाही. मी ऐकलं नाही. चार दिवस दुकान बंद राहिलं. तेव्हापासून तो माझ्यासमोर तोलताना मूठभर जास्तच टाकतो आणि माझ्याकडे बघतो. त्या दिवशी त्याने याद्या चाळल्या, माझी प्रत बाजूला ठेवली आणि हळूच म्हणाला, "समोरच्या बाईंचा रंग काटत होतात. तुमच्या यादीत आहे. भरू ना?"

"भरा," मी म्हणालो. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला खवखवलंही नाही.

त्याने भरला. माझी पिशवी नेहमीसारखी भरली: अकरा किलो चारशे, दोन्ही हातांनी उचलायची. ती घेऊन मी दोन जिने चढलो, बाईंच्या दारासमोर थांबून श्वास घेतला, त्यांचं सामान ठेवलं, बेल वाजवली आणि माझ्या घरात गेलो. आठवं पाकीट सातांच्या वर ठेवलं. आतून आजी हाका मारत होत्या.

आणखी दहा-बारा दिवस तसेच गेले. हाका बारीक होत गेल्या. बाईंच्या यादीतून रवा गेला, तांदूळ निम्मे झाले, दूध पावडर वाढली. सोळा घरांच्या याद्या वाचून घरं ओळखणारा मी. ही यादी मला वाचता येत नव्हती असं कसं म्हणू? आजी खात नाहीत हे तिच्यात लिहिलेलं होतं. मी ती घडी घालून खिशात ठेवायचो.

मग एका सोमवारी अकरा वाजले आणि भिंत गप्प राहिली. मी चहा घेत उभा होतो. सव्वा अकरा झाले, साडेअकरा झाले. सातलाही हाक आली नाही. मंगळवारी अकराला नाही. दवाखान्याच्या त्या दुपारी मी औषध घेऊन वर आलो तेव्हाही खोली अशीच गप्प होती. ते आठवलं आणि माझे पाय हलले. बेसिनवरचं कपाट उघडलं आणि एक घ्यावं की दोन हे न ठरवता आठही पाकिटं पिशवीत ओतली. समोरची बेल वाजवली, आणि ती वाजल्यावर मास्क लावायचा राहिला हे कळलं.

बाईंनी दार उघडलं. मी ओळखलं नाही. वेणी नव्हती. काळे केस सगळे कापून टाकले होते, स्वतःच्याच हाताने असणार, कारण मागे एक बाजू वर-खाली झाली होती. उरले होते ते दोन-अडीच बोटं केस, शुभ्र.

"आजी?" मी विचारलं.

त्या काही बोलायच्या आत खोलीतून आवाज आला, चांगला खणखणीत. "आई, कोण आलंय गं?"

क्षणभर मला कळेना की हे कोण कुणाला म्हणतंय. बाईंनी मान वळवून सांगितलं, "शेजारचे आहेत. तू खा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काल सकाळी वेणी कापली, तेव्हापासून. तिला वाटतं मी तिची आई आहे. तिची आई, म्हणजे माझी आजी, अशीच होती, आखूड पांढऱ्या केसांची. मी आरशात बघितलं तेव्हा मलाच दिसली. आता सगळं खाते. वाटीभर भात मागून घेते. हाका मारायची गरजच नाही म्हणते, आई जवळच आहे."

मी म्हणालो, बरं झालं. खरंच तसं वाटलं म्हणून म्हणालो.

"हो, जगेल ती," बाई म्हणाल्या. "चिमणी कुठे आहे ते विचारत नाही. कालपासून एकदाही नाही. रात्री मीच नाव काढलं, चिमणी येईल हं म्हटलं. तर म्हणाली, कोण चिमणी?"

माझ्या हातातल्या पिशवीकडे त्यांचं लक्ष गेलं. मी ती पुढे केली. सात फुटांचा नियम आम्ही दोघंही विसरलो होतो. त्यांनी आत बघितलं, एक पाकीट काढून त्याच्या पाठीवरची तारीख वाचली, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची. ग्रंथपाल माणूस, तारखा वाचल्याशिवाय राहणार नाही. वेगवेगळ्या महिन्यांच्या तारखा. त्यांना किती वेळात कळलं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर बघत होतो.

"वहिनींचे," त्या म्हणाल्या.

"हो."

"मिळत नाही म्हणाला होतात."

मी मोकळे हात खिशात घातले.

"महिन्यापूर्वी यातलं एक दिलं असतंत," बाई म्हणाल्या, "तर मी अजून चिमणी असते."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाकिटं पुन्हा पिशवीत नीट रचून ठेवली, पिशवी माझ्या हातात दिली. आता रंग लावला तर तिची आई जाईल, मला हे परत नाही करायचं, असं म्हणाल्या. माझं चुकलं, मी म्हणालो. हो, त्या म्हणाल्या. आतून आजींनी पुन्हा हाक मारली, "आई, गार होतंय ना." बाई "आले बाळा" म्हणाल्या आणि दार लावलं, आवाज न करता.

त्या शुक्रवारी याद्या गोळा केल्या, पण पेन घरी ठेवलं. काही न काटता सगळं आणलं, लंगड्या गाडीला दोन फेऱ्या पडल्या. साबण बारा, चॉकलेट मोठं, सिगारेटी पाच पाकिटं, यीस्ट. शिंप्याने खिडकीतून विचारलं, साहेब, तब्येत बरी आहे ना? पुढचे सगळे मंगळवार-शुक्रवार तसेच गेले. बाईंच्या यादीत तांदूळ पूर्वीइतके झाले, रवा परत आला. सामान ठेवून मी बेल वाजवायचो. त्या दार उघडायच्या, "ठेवा" म्हणायच्या. माझ्याशी त्या तेवढंच बोलतात, आणि त्याहून जास्त मी मागू शकत नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारच्या आधी, गुरुवारी दुपारी, मी खणातली वरची प्रत काढली आणि टेबलावर ठेवली. लाल पेन घेतलं. दुसऱ्या कुणाच्या घरची असल्यासारखी वरपासून वाचली. या घरात एक पुरुष राहतो. त्याला साखर चालते. त्याचे गुडघे दुखत नाहीत. त्याला खोकला नाही, तो पावडर लावत नाही. मी एकेक काटत गेलो. तांदूळ पाच किलो लिहिले होते, दीड केले. तेवीस नंबरवर आलो. तिने 'काळा'च्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'चॉकलेटी देतात, बघून घेणे'. कित्येक वेळा हा कागद हातात आला असेल, ते मी कधी वाचलंच नव्हतं. त्यावर रेघ मारली. सत्तावीसमधल्या अकरा वस्तू उरल्या. मला काही झालं नाही. मी उठून भांडी घासली.

शुक्रवारी दुकानासमोर रांग होती, खडूने आखलेल्या गोलांत एकेक माणूस. माझा नंबर आला तेव्हा दुकानदाराने सोळा याद्या घेतल्या, मग माझी प्रत उचलली. लाल रेघांवरून त्याची नजर खाली उतरली.

"नक्की ना, साहेब?"

"हो," मी म्हणालो. "बायको वारली माझी."

हे वाक्य मी त्याआधी कधी उच्चारलं नव्हतं. ज्याला सांगायचं त्याला आधीच माहीत असायचं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "त्याच आठवड्यात कळलं होतं."

"मग इतके महिने सगळं भरत होतात?"

"तुम्ही यादी आणत होतात," तो म्हणाला. "मी कोण काटणारा?"

आणि तो सामान भरायला वळला. तांदूळ तोलले, मूठभर जास्त टाकले, पण या वेळी माझ्याकडे बघितलं नाही. अकरा वस्तू पिशवीत घातल्या आणि पिशवी फळीवर ठेवली. मी नेहमीसारखा वाकलो, दोन्ही हात घातले, अकरा किलोचा जोर लावला, आणि पिशवी एकदम छातीपर्यंत उडाली. चार किलो शंभर. हाताने आपोआप सांगितलं. चार किलो शंभर ग्रॅम, पन्नास इकडे किंवा तिकडे, आणि यापुढे दर महिन्याला एवढंच.

मला रडू आलं. तिथेच, फळीसमोर, पिशवी छातीशी धरून, मास्कच्या आत. ते थांबेना. दुकानदार आतून स्टूल घेऊन आला. मागे रांगेतली माणसं आपापल्या गोलांतून माना उंचावून बघत होती, आणि त्यांच्यातला कुणीतरी शेजारच्याला म्हणाला, "साखर संपली वाटतं."